आडोशाची बाजू

बाई, आज तुम्हाला बर्फाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात, पण बर्फ तुम्ही कधी पाहिला नाहीत. फ्रीजच्या वरच्या खणात साचायचा तेवढाच. मी ग्लासगोत माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. शुक्रवारची दुपार आहे, ऑफिसचं काम लवकर आटोपलं आहे आणि बाहेर इथल्या हिवाळ्यातला तो करडा उजेड आहे, जो कधी नीट उजाडत नाही आणि तरी मावळतो. थोड्या वेळाने उद्याचा हिमस्खलनाचा अंदाज येईल. इथल्या डोंगरांसाठी हिवाळाभर रोज असा अंदाज निघतो: कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, बर्फ सुटून खाली येण्याची शक्यता किती. एका गोल चकतीवर दिशा आखलेल्या असतात आणि त्यांत रंग भरलेले असतात, हिरवा, पिवळा, केशरी, लाल. ती चकती बघून मला ठरवायचं आहे की उद्या एका पंचाहत्तरीच्या माणसाला डोंगरावर न्यायचं की नाही. तोवर हात रिकामे आहेत. तुमची आठवण सकाळपासूनच येते आहे, कारण मी जे बहुधा करणार आहे ते तुम्हाला आवडलं नसतं.

तुमचं पर्वतीच्या पायथ्याचं दोन खोल्यांचं घर आठवतं. ट्रेकच्या दिवशी आम्ही आठदहा मुली पहाटेच तिथे जमायचो. गॅसवर एकीकडे चहा, दुसरीकडे तवा, आणि तुम्ही भावाची जुनी पँट आणि कॅनव्हासचे बूट घालून थालीपीठं लावताय. बसून खायला तुम्ही देत नाही. उभ्यानेच खायचं, डोंगरात बसायला जागा मिळेलच असं नाही. आणि तोंडात घास असतानाच तुम्ही आमच्याकडून नियम म्हणून घेताय, पाढे म्हणून घ्यावेत तसे. मळलेली वाट सोडायची नाही. वारा सुटला की आडोशाच्या बाजूने चालायचं. तहान लागली की सांगायचं, चक्कर आल्यावर नाही. माथ्याला हात लावल्याशिवाय परतायचं नाही. या शेवटच्या नियमावर तुमची आई आतल्या खोलीतून म्हणायची, "पोरींच्या आया मला विचारतील हो," आणि तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या आयांनीही यायला हरकत नाही." त्या कधी आल्या नाहीत. पण त्यांनी आम्हाला पाठवलं, आणि ते तुमच्यामुळे. तुमच्या मुली माथ्याशिवाय परतत नाहीत, हे शाळेत मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

नववीतला तो किल्ला तुम्हाला आठवत असेल का, माहीत नाही. तुमच्यासाठी तो एक रविवार असेल. दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेतून चढताना मध्ये एक कातळाचा टप्पा होता, तिथे पुढचा पाय कुठे ठेवायचा ते मला कळेना आणि मी खालूनच म्हटलं, बाई, आपण परत जाऊ या ना. माझ्या मागे चार मुली होत्या, त्यांनी हे ऐकलं. तुम्ही वरून वाकून माझ्याकडे पाहिलंत. तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्ही म्हणालात, "परत जायची वाट सगळ्यांनाच येते. त्यासाठी मी लागत नाही." मग तुम्ही खाली उतरलात, माझा डावा पाय हाताने धरून एका खोबणीत ठेवलात आणि म्हणालात, आता उजवा तू ठेव. मी ठेवला. वर पोचल्यावर तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. पिशवीतलं संत्रं सोलून पहिली फोड मला दिलीत, एवढंच. ती फोड आणि ते वाक्य मी पुढे तीसेक वर्षं बरोबर बाळगलं आहे. कॉलेजच्या परीक्षांत, पहिल्या नोकरीत, इथे आल्यावर व्हिसाच्या रांगांत, घटस्फोटाच्या त्या वर्षात, प्रत्येक ठिकाणी मला डावा पाय आपोआप खोबणीत ठेवल्यासारखा वाटायचा आणि उजवा मी ठेवायचे. तुमचं माझ्यावर हे ऋण आहे, आणि तरीही.

मी ग्लासगोला निघाले तेव्हा तुम्ही आजारी होतात. उशीला टेकून, विणकाम मांडीवर घेऊन बसला होतात. शाळेच्या ऑफ तासाला विणायचात तीच राखाडी लोकर. तिची कानटोपी केली होतीत माझ्यासाठी. "तिकडचे डोंगर कसे आहेत ते मला कळव," म्हणालात. "नकाशात बुटके दिसतात." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तोवर मी इथला एकही डोंगर पाहिला नव्हता. बसच्या खिडकीतून लांब काहीतरी पांढरं दिसायचं तेवढंच. म्हणून आता कळवते. बुटके आहेत, बाई, आपल्या कळसूबाईहूनही थोडे कमीच. पण ते समुद्रापासून जवळ आहेत, वारा त्यांच्यावर असा येतो की माणूस उभा राहू शकत नाही, आणि हिवाळ्यात त्यांचा स्वभाव इतका बदलतो की उन्हाळ्यात ओळखीचा वाटलेला डोंगर डिसेंबरात परका होतो. हे समजायला मला फार वर्षं लागली. पैसे साठवून हिवाळी चढाईचे कोर्स केले, बर्फात खड्डे खणून त्याचे थर बघायला शिकले, आइस ॲक्स कशी धरायची, घसरल्यावर तिने स्वतःला कसं थांबवायचं ते शिकले. आणि या सगळ्यात सर्वांत अवघड गेलं ते तुमचं शिकवलेलं बाजूला ठेवणं.

वर्गात तुम्ही एकदा पितळी परात आणली होतीत. तिच्यात चिकणमातीचा डोंगर केला होता. एका मुलीच्या हातात पंखा आणि दुसरीच्या हातात इस्त्रीचा फवारा. वारा डोंगराकडे जातो, वर चढतो, पाऊस समोरच्या बाजूला पडतो. ती वातसन्मुख बाजू. मागची ती वातविन्मुख, कोरडी, पर्जन्यछायेतली. तुम्ही आम्हाला मागच्या बाजूला बोट लावून बघायला लावलंत, माती कोरडी होती. ते कोरडेपण माझ्या बोटाला कायमचं कळलं. डोंगराच्या मागे गेलं की वाऱ्यापासून सुटका. पण बर्फाचं उलटं असतं, बाई. वारा समोरचा उतार खरवडून काढतो, तो भुगा माथ्यावरून पलीकडे नेतो आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे, म्हणजे बरोबर आडोशात, टाकून देतो. आभाळातून एक कणही पडत नसताना मागच्या बाजूला तासातासाला थर चढत असतो. तो थर घट्ट असतो, पाटासारखा, आणि खालच्या जुन्या बर्फाला धरून असतोच असं नाही. वर उभं राहिलं तर काही कळत नाही. शांत असतं, ऊन असलं तर ऊबही लागते. म्हणजे तुमच्या मुलींनी डबा उघडायला जी जागा निवडली असती, नेमकी तीच.

आता ज्यांना उद्या न्यायचं आहे त्यांच्याविषयी. त्यांना सगळे काका म्हणतात. ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात संक्रांतीच्या चढाईची प्रथा त्यांनी आणि काकूंनी पाडली. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी एक डोंगर चढायचा आणि तिळगूळ माथ्यावर वाटायचा. माथा येईपर्यंत डबा उघडायचा नाही. सुरुवातीला म्हणे जेमतेम गाडी भरायची. आता पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली मुलं असतात, लीड्सहून काही येतात, एका वर्षी लंडनच्या एजवेअरहून एक अख्खं कुटुंब आलं होतं. ही सगळी सह्याद्रीत हिंडलेली मंडळी. त्यांच्या अंगात किल्ले आहेत, नाळा आहेत, आणि तुमचे नियमही आहेत, कारण ते फक्त तुमचे नव्हते, आपल्या सगळ्यांचेच होते. काकू गेल्यापासून वड्या मी थापते आणि पुढेही मीच चालते. यंदा काकांची शेवटची चढाई. गुडघे गेले आहेत, इथला फ्लॅट विकला आहे, आणि वसंतात ते लीड्सला मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत.

संक्रांतीच्या त्या शनिवारच्या आदल्या दिवशी चकतीवर ईशान्य आणि पूर्व केशरी होत्या. तीन दिवस नैर्ऋत्येचा वारा वाहत होता. मी ग्रुपवर लिहिलं की आपण डोंगराच्या सोंडेने जाऊ, तिथला बर्फ वाऱ्याने झाडून नेलेला असतो, खडक उघडा असतो. सोंडेवर वारा झेपला तर माथा, नाहीतर खाली. सगळ्यांनी अंगठे पाठवले. अंगठा पाठवणं सोपं असतं. आम्ही दहाबारा जण होतो. सोंडेवर पहिला तास ठीक गेला, काका हळू पण नेमाने चालत होते, मुलगी त्यांच्या मागे. ती इथेच जन्मलेली, लीड्सला फिजिओथेरपिस्ट आहे. बापाशी हट्टाने मराठीत बोलते आणि त्यात शब्दांच्या लिंगांची वाट लावते. डोंगराच्या खांद्याशी पोचलो तेव्हा वाऱ्याने काकांना सरळ गुडघ्यांवर बसवलं. ते उठले, पुन्हा बसले. माझ्याही तोंडावर बारीक बर्फ काचेसारखा लागत होता. आणि डावीकडे, चार पावलांवर, डोंगराच्या कुशीतली, ईशान्येकडे उघडणारी मोठी खोलगट वाटी होती. तिच्यात वारा नव्हता. ऊन पडलं होतं. पांढऱ्या उतारावरून कुणाच्या तरी पावलांची एक स्वच्छ रांग थेट माथ्याकडे गेली होती.

सगळे न सांगता तिकडे वळले. मी पाहत होते, बाई. एकही माणूस विचार करून वळला नाही. पाय वळले. आडोसा आणि मळलेली वाट, दोन्ही एकाच जागी. मी त्यांना थांबायला सांगितलं तर आमचा नागपूरचा मित्र, बँकेत आहे, वर्षभर माझ्यासोबत डोंगर हिंडतो, तो म्हणाला, "काऊन गं लीडर? वारा नाही, ऊन आहे, आधीच्यांनी पायऱ्या पाडून ठेवल्यात. आता एस्कलेटर पायजे का?" सगळे हसले, मीही हसले. मग मी कडेच्या एका छोट्या बांधावर गेले, जिथे सुटलं तरी गुडघाभरच सुटेल, आणि ॲक्सने बर्फात चौकोन कापला. कापून होतो न होतो तोच वरचा थर सगळ्यांसमोर अलगद सरकून माझ्या पायांशी आला. खालची बाजू गुळगुळीत होती. मी त्यांना म्हटलं, ताटाला तूप जास्त झालं की वडी कशी सुरी लावताच सरकते, तसं आहे हे, आणि तो समोरचा उतार म्हणजे पूर्ण ताट. पावलं आहेत म्हणजे कुणीतरी गेलं होतं, एवढंच. त्यांच्या वजनाने सुटलं नाही, आपल्या वजनाने सुटेल की नाही हे ती पावलं सांगत नाहीत. मित्र दोन पावलं मागे आला. तो मस्करी करतो, पण ऐकतो.

काका ऐकत नव्हते. ते एका दगडावर बसले होते आणि त्यांची नजर त्या पावलांवर होती. म्हणाले, ते वीस-बावीस वर्षं हा डोंगर चढताहेत आणि याच वाटीतून काकूंना घेऊन गेले आहेत. म्हणाले, चार पावलं अंतर ठेवून एकेक जण जाऊ. म्हणाले, आयुष्यभर मी माणसांना झोपवलं आणि उठवलं, रिस्क म्हणजे काय हे तू मला सांगू नकोस. हे सगळं ते शांतपणे बोलले. मग मी त्यांना विचारलं की काका, टेबलावर घेतलेल्या पेशंटला ताप आहे असं दिसलं तर तुम्ही काय करायचात. सर्जन हात धुऊन उभा असला तरी ऑपरेशन थांबवायचात ना. तुम्हीच सांगितलंय मला, सर्जन किती चिडायचे ते.

"थांबवायचो," काका म्हणाले. "पण पेशंटला दुसरी तारीख मिळायची. मला कोण देणार?"

मुलगी पुढे झाली, त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "बाबा, शी सेड नो. आणि तुझा गुडघा पण थकली आहे." त्यांनी दंड सोडवून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "भित्र्या माणसानं पुढे चालू नये."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी नववीत होते. मागे मुली उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं, आणि वरून कुणीतरी वाकून बघत होतं. मला वाटलं आता आपोआप डावा पाय पुढे जाईल. इतकी सवय झालेली. माथा अर्ध्या तासावर होता आणि त्या उतारावर ऊन इतकं सुंदर पडलं होतं की त्याच्याबद्दल वाईट बोलणं मलाच कोतेपणाचं वाटायला लागलं. पण पाय गेला नाही. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "काका, माझ्यावर रागवायचं तर रागवा. पण खाली जाऊन रागवा. इथे नको." आणि उठून, मागे न बघता, आलो त्या सोंडेवरून उतरायला लागले. पुढे चालणाऱ्याने मागे बघितलं की लोकांना वाटतं अजून बोलणी चालू आहेत. थोड्या वेळाने मागून बुटांचे आवाज यायला लागले. सगळ्यांत शेवटी काकांच्या काठीचा.

आम्ही निम्मे उतरलो असू तेव्हा दोन तरुण, इथलेच, त्या वाटीतून चढताना दिसले. आम्ही सगळेच उभे राहून बघत होतो. ते चढले, माथ्यावर पोचले, खाली बघून त्यांनी हात हलवले. नागपूरकर पुटपुटला, "एस्कलेटर चालू आहे बरं का," पण यावेळी कुणी हसलं नाही. पार्किंगमध्ये मी डबा काढला तर काका म्हणाले, माथा झालेला नाही, उघडू नका. ते गाडीत जाऊन बसले. डबा मी सोमवारी ऑफिसात नेला. तिथल्या लोकांनी वड्या फ्लॅपजॅक, म्हणजे इथल्या ओट्सच्या वड्या, समजून चहाबरोबर संपवल्या आणि रेसिपी मागितली.

मग घरी येऊन दोनतीन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. तुम्ही म्हणत होतात, परत जायची वाट सगळ्यांनाच येते. मी म्हणत होते, नाही येत, बाई. वर जाण्याची वाट अंगात असते, ती डोळे मिटून सापडते. परतीची शिकावी लागते, आणि ती शिकवायला माझ्या शाळेत कुणी नव्हतं. दहा लोक आपल्याकडे बघत असताना, एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची संधी समोर असताना, काहीही घडलेलं नसताना परतायचं, त्यासाठी डाव्या पायाला कुठली खोबण द्यायची? मला राग आला होता तुमचा. आता तितका नाही. तुम्ही ज्या मुलींना शिकवत होतात त्यांना घरात, दारात, सगळीकडे परत जा असंच सांगितलं जात होतं. त्यांना दुसरं काय शिकवायचं? पण तुम्ही इथे आला असतात, हातमोजा काढून त्या थराखाली बोट घातलं असतंत, तर तुम्ही परात बदलली असतीत याची मला खात्री आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात पीठ आणून, पंख्याने उडवून दाखवलं असतंत की कुठे साचतं ते बघा. तुम्ही हट्टी होतात, पण बोटाला जे लागेल ते मानायचात.

काकांचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता. दुसरी तारीख कोण देणार. एका संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं की ती तर पंचांगातच आहे. संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. हळदीकुंकवं चालूच असतात की तोवर. मग पहिला शनिवार कुणी ठरवला? आम्हीच, सुट्टीच्या सोयीने. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की यापुढे चढाईची तारीख ठरणार नाही. संक्रांत ते रथसप्तमी जो दिवस डोंगर देईल तो, आणि नाही दिला तर नाही. हे मान्य असेल तर मी पुढे चालेन, नसेल तर आनंदाने दुसरं कुणीतरी चालावं. बरीच चर्चा झाली. एकाने लिहिलं की लीडर जरा जास्तच सेफ आहे, आणि त्याखाली त्या दोन तरुणांचा कुठूनतरी मिळवलेला माथ्यावरचा फोटो टाकला. कुणी म्हणालं, ट्रेनची तिकिटं आधी काढावी लागतात, हे कसं जमणार. मला जे लिहायचं ते लिहून झालं होतं. शेवटी बहुतेकांनी मान्य केलं. काकांच्या मुलीचा फोन आला, "बाबा अजून रागावली आहे. पण बूट पॅक नाही केला. दारात ठेवला आहे." मग दोन आठवडे वाट पाहिली. मध्ये उबदार हवा आली, पाऊस पडला, जुना बर्फ बसला, मला वाटलं आता होईल. काकांनीच विचारलं, एका शब्दात, "शनिवार?" तो शनिवार म्हणजे उद्या. त्यानंतर रथसप्तमी. पण मंगळवारपासून पुन्हा बर्फ पडतो आहे, आणि वारा पुन्हा नैर्ऋत्येचा आहे.

इथे मी थांबले होते. अंदाज आला.

ईशान्य केशरी, पूर्व केशरी, आणि सोंडेवर वारा त्या दिवसापेक्षा जास्त. मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा उगीच. दुसरा एखादा लहान डोंगर शोधावा असंही मनात आलं, नकाशा उघडलासुद्धा. पण या वाऱ्यात त्यांचे गुडघे कुठल्याच उघड्या माळावर टिकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा फोन केला. मेसेज करता आला असता, पण हे मेसेजने सांगायचं नव्हतं.

"काका, उद्या नाही जमणार."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "केशरी?"

"केशरी. आणि वाराही आहे."

"पुढच्या वर्षी मी असेन का गं?"

"ते मला माहीत नाही, काका. परवा सकाळी तुम्ही असाल, एवढं मी बघणार."

ते हसले नाहीत. म्हणाले, सर्जन लोकांना माझा राग का यायचा ते आज कळलं, आणि फोन ठेवला. त्यात माझी बाजू घेणं होतं की बोचकारणं, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. ग्रुपवर लिहून टाकलं आहे. कुणीतरी पुन्हा फोटो टाकेल. उद्या दोघंतिघं त्या वाटीतून जाऊन येतील, उतार तसाच राहील, आणि पुढच्या हिवाळ्यात हाच प्रश्न आला तरी मी हेच करेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि तुम्ही असतात तरी टाकलं असतं की नाही शंकाच आहे. कारण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती तुमच्या डोळ्यांत बघून मला सांगता आली नसती. संक्रांतीच्या त्या शनिवारपासून पाऊस येऊन तो थर विरघळेपर्यंत, रोज सकाळी चहा ठेवला की मी आदल्या दिवशी कुठे कुठे बर्फ सुटला त्याच्या नोंदी उघडत होते. आमच्या डोंगराचं नाव शोधत होते. कुणाला काही होऊ नये, हे तर होतंच. पण पहाटे, कुणीही तिथे नसताना, तो उतार खाली आलेला असावा आणि त्याचा एक फोटो काकांना पाठवता यावा, असं मला रोज वाटत होतं. तो आला नाही, बाई. आणि मला त्याचं वाईट वाटलं.